अनंताजवळचं मडकं

१

पाणी द्यायचं ते उजाडायच्या आत, हा मधुकरमामांचा पहिला नियम. ऊन चढल्यावर दिलेलं पाणी निम्मं वाऱ्यालाच जातं, आणि संध्याकाळी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहून बुडाशी कुजतं. दुसरा नियम असा की रोज शिंपडायचं नाही. एक दिवसाआड द्यायचं, पण असं द्यायचं की ते वीतभर खाली उतरलं पाहिजे. पाणी देऊन झालं की मामा गवतात एक जुना पेचकस खुपसून बघत. तो मुठीपर्यंत आत गेला तर ठीक. मध्येच अडला तर त्या जागी पाइप पुन्हा धरायचा.

"मुळं पाण्याच्या मागं जातात, पोरी," ते म्हणत. "वरवर शिंपडलं त वर येतात अन् उन्हानं जळतात. खोल दे, ते खोल जातीन."

पिपरी मेघेच्या त्या गल्लीत हिरवळ असलेलं घर मामांचं एकच. एप्रिल संपत आला की बाकीच्या अंगणांतून नुसती पांढरी माती तापत पडलेली असे, आणि सायकलवरून जाणारे लोक मामांच्या कुंपणाशी एक पाय टेकवून क्षणभर थांबत. मामा सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. इमारती त्यांनी पुष्कळ बांधल्या, पण आपली म्हणून दाखवावी अशी त्यांची वस्तू म्हणजे ती हिरवळ.

गोपिका वडनेरची. मामा म्हणजे तिच्या आईचे चुलतभाऊ. गेल्या जूनमध्ये ती नववीसाठी त्यांच्याकडे आली, कारण त्यांच्या घरातली मागची खोली नुकतीच रिकामी झाली होती. तिथे मामांची आई, देवकाबाई, वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि त्या मे महिन्यात गेली होती. गोपिकानं तिला कधी पाहिलं नव्हतं. खोलीला एकच खिडकी होती आणि ती हिरवळीवर उघडत असे.

नववीची परीक्षा संपली तशी सुलोचनामामींनी तिला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. त्यांची रंभा नागपूरला कॉलेजात होती. मेअखेर सेलूचे पाहुणे तिला बघायला येणार होते. घरात उकाडा, तेव्हा बसणं बाहेर, हिरवळीवरच होणार होतं. मामा महिनाभर साइटवर अडकलेले. पहाटे निघायचे ते दिवस बुडाल्यावर परतायचे.

"पाह्य गोपिका," मामी म्हणाल्या, "हिरवळ राखली त दहावी इथूनच करजो. नाई राखली त जूनमधी तुह्या बापाले बोलावते, अन् घेऊन जा म्हणते. मले कोणी फुकट बसलेलं चालत नाई."

बापानं हिंगणघाटकडचं एक स्थळ काढून ठेवलं आहे, हे गोपिकाला आईच्या निरोपातून कळलं होतं. तिच्या मोठ्या बहिणीचं नववी झाल्यावरच लग्न झालं होतं. गोपिकानं मान हलवली. तिला बोलायला नेहमीच जरा उशीर होई. शब्द जुळेपर्यंत समोरचं माणूस उठून गेलेलं असे.

२

हिरवळीच्या कडेनं मोगऱ्याची रांग होती आणि प्रत्येक दोन झाडांमध्ये एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. मडक्यात पाणी भरायचं, तोंडावर कवेलूचा, म्हणजे कौलाचा, तुकडा ठेवायचा. माती त्या मडक्याच्या अंगातून पाणी थोडं थोडं ओढून घेते, आणि वर कितीही ऊन असलं तरी मुळाशी गारवा राहतो. भरलेलं मडकं तीन-चार दिवस पुरे. रांगेच्या शेवटी, मागच्या खोलीच्या खिडकीखाली, अनंताचं कोवळं रोप होतं. त्याच्याजवळचं मडकं फुटलं होतं. ती जागा रिकामी होती.

अक्षय तृतीयेला मामींनी देवकाबाईच्या नावानं मडकं भरलं. गेलेल्या माणसाची ती पहिलीच अक्षय तृतीया. नवं मडकं, त्याच्या गळ्याला हळदीकुंकवाची बोटं, आत वाळ्याची जुडी, वर आंबा, शेजारी हातपंखा. उन्हाळ्यात गेलेल्याला तहान लागू नये म्हणून ते भरायचं, आणि पूजा झाली की पाण्यासकट कोणालातरी देऊन टाकायचं. वडनेरला गोपिकाच्या घरी असं मडकं कधीही रात्रीचं घरात राहिलेलं नव्हतं.

मामींनी आंबा काढून घेतला, पाणी मोरीत ओतलं, आणि रिकामं मडकं गोपिकाच्या हातात दिलं.

अनंताजवळ पुरून टाक, म्हणाल्या. चांगलं भाजलेलं मडकं कशाला वाया घालवायचं.

गोपिकानं तोंड उघडलं. तोवर मामी देव्हाऱ्याकडे वळल्या होत्या. मग तिनं कुदळ घेतली.

३

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मडक्यांमध्ये किती पाणी आहे ते बघत गेली. मोगऱ्याची मडकी चार बोटं उतरली होती. अनंताजवळचं, आदल्या दिवशी तिनं काठोकाठ भरलेलं, रिकामं होतं.

नवं मडकं आधी स्वतःच पाणी पितं, हे तिला माहीत होतं. तिनं ते पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा रिकामं. रिकामं म्हणजे तळाशी ओलही नाही. आतून हात फिरवला तर उन्हात ठेवलेल्या ताटलीसारखं कोरडं.

तडा गेला असेल, ती मनाशी म्हणाली. पण तडा असता तर माती ओली हवी. तिनं खुरप्यानं मडक्याच्या अंगाला लागून खणून बघितलं. माती भुरभुरीत होती, बोटांतून सांडत होती. अनंताची पानं कडेनं वळली होती. पाणी गेलं होतं, आणि काहीही ओलं झालं नव्हतं.

घूस असेल. वाळवी असेल. मुरुमाची भेग खाली कुठेतरी उतरत असेल. एकेक कारण ती ताडून बघत गेली, कारण तिचा स्वभावच तसा होता. शेवटी तिनं मडकं उपटून काढलं, धुतलं, आणि काठोकाठ भरून अंगणातल्या फरशीवर सावलीत ठेवून दिलं. दुपारभर ती दारातून त्याच्याकडे बघत होती. मडक्याला नुसता घाम सुटला. संध्याकाळपर्यंत पाणी दोन बोटंही उतरलं नाही. मडक्यात काही दोष नव्हता.

तिनं ते परत पुरलं. सकाळी रिकामं.

मग तिच्या ध्यानात आलं की दोष आवाजात आहे. मडकं भरताना पाण्याचा आवाज खालून वर चढत जातो. आधी जाड, मग बारीक, आणि तोंडाशी आला की हात आपोआप थांबतो. हा आवाज चढत नव्हता. ती बादली ओतत होती आणि तो एकाच जागी, खाली, जाड राहत होता. मध्येच थांबायचा. थांबला की एक श्वास घेतल्यासारखं व्हायचं. मग पुन्हा सुरू.

हवा अडकत असेल, ती म्हणाली. अरुंद तोंडाच्या भांड्यात हवा अडकतेच.

४

धुणीभांडी करायला शकुबाई यायची. जुनी बाई. मामांच्या लग्नाआधीपासून त्या घरात तिचं येणंजाणं. त्या सकाळी ती धुणं वाळत घालायला मागे आली आणि अनंताजवळ थबकली. कवेलूचा तुकडा बाजूला होता आणि मडक्याच्या गळ्यावर हळदीची पुसट बोटं दिसत होती.

"हे त अक्षय तृतीयेचं मडकं हाय," ती म्हणाली. "मले वाटलं यंदा मलेच भेटन. मीच त केलं बुढीचं सगळं."

शकुबाईला उत्तराची अपेक्षा नव्हती. हातातलं लुगडं पिळत पिळत ती सांगत गेली. देवकाबाईला वाचा होती, पण अंग गेलं होतं. पाणी जास्त प्यायली की अंथरूण ओलं होई, आणि अंथरूण ओलं झालं की मामींना धुवावं लागे. म्हणून पाणी मोजून. सकाळी वाटीभर, दिवस बुडताना वाटीभर. उन्हाळा आला तरी तेवढंच. म्हातारी हाका मारी, मग हाका बसल्या, मग नुसते ओठ हलत. शकुबाईनं एकदा लपवून तांब्या पाजला, तर मामींनी ओल्या चादरीवरून ते ओळखलं, आणि पुन्हा असं केलं तर कामावरून काढीन म्हणाल्या.

"अन् खिडकीतून काय दिसे तिले? ही हिरवळ. मधुकरभाऊ पाइप धरून उभे राहेत, अन् बुढी पाहे." शकुबाईनं लुगडं झटकलं. "दोष नाई देत मी कोणाले. त्यायले ऐकूच येत नव्हतं म्हणत. पाइपाचा आवाज होते ना."

ती निघून गेली. गोपिकानं मडक्यावर कवेलू ठेवलं आणि ते नीट बसलं की नाही ते दोनदा बघितलं.

५

त्या दिवसापासून तिनं त्या मडक्यात पाणी घालणं बंद केलं. एक तर नळ सकाळी तासभरच यायचा. अंगणातलं टाकं त्या तासात अर्धंही भरत नसे, आणि त्यातूनच हिरवळ, मोगरा, बैठकीच्या दाराची वाळ्याची ताटी, न्हाणी, सगळं भागवायचं. एका मडक्याला रोज बादली कोण देणार? हे कारण खरं होतं. आपण ते कारण म्हणून पुढे करतो आहोत, हेही तिला कळत होतं.

दुपारी सगळं घर बंद असे. मामी बैठकीत ताटीच्या गारव्याला निजत. मागच्या खोलीत गोपिका फरशीवर ओला टॉवेल पसरून पडे. बाहेर ऊन इतकं की खिडकीच्या फटीतून आलेली रेघ भिंतीवर नजर ठरू देत नसे. पाखरू ओरडायचं नाही. रस्ता निपचित. अशा वेळी तो आवाज आला.

लहानसा होता. टाळूला चिकटलेली जीभ सुटावी तसा. टच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

तापलेलं कवेलू असेल. पाल असेल. वाळलेली शेंग फुटली असेल. ती उताणी पडून मोजल्यासारखी ऐकत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपलीही जीभ टाळूला लागते आहे, आणि दर वेळी तो आवाज झाला की आपण गिळतो आहोत.

दोन दिवसांनी मोगऱ्याचं शेवटचं मडकं रिकामं मिळालं. मग त्याच्या अलीकडचं. मग गवतात एक पिवळा पट्टा दिसायला लागला. खिडकीखालून निघालेला, हातभर रुंद, टाक्याच्या दिशेनं. गोपिकानं पट्ट्यावर पाइप धरला, पाणी डबक्यासारखं साचू दिलं, जिरू दिलं, आणि पेचकस खुपसला. तो नखभर आत जाऊन अडला. खाली माती विटेसारखी होती. बाजूला दोन पावलांवर तोच पेचकस लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत जात होता.

पट्टा टाक्यापर्यंत पोचला तेव्हा मे निम्मा सरत आला होता. टाकं रात्रीतून बोटभर उतरू लागलं. मग एका सकाळी स्वयंपाकघरातला माठ रिकामा निघाला. आदल्या संध्याकाळी गोपिकानं स्वतः तो भरला होता.

मामींनी माठात डोकावून बघितलं आणि मग तिच्याकडे.

"किती पाणी ढोसतं वं तू?"

"मी नाई पेली."

"मंग कोण पेलं? मी? का तुहा मामा?" त्यांनी माठावर झाकण ठेवलं आणि झाकणावर पाटा. "आजपासून मी देईन तवाच प्यायचं. दारातलं गवत जळून राह्यलं, अन् ही पोरगी माठच्या माठ रिचवते."

तेव्हापासून गोपिकाला पेला मोजून मिळू लागला. जेवताना एक, निजताना एक. उन्हातलं काम आटोपून ती आत यायची तेव्हा घशात काटे उभे राहिलेले असायचे. टाक्यातलं पाणी पिता आलं असतं. पण टाक्यातल्या प्रत्येक बादलीचा हिशेब गवताशी होता, आणि गवत म्हणजे दहावी.

६

पाहुण्यांना आठवडा उरला तेव्हा तिनं ठरवलं की मडकं काढून टाकायचं. फोडायचं, खापऱ्या ओढ्यात टाकायच्या, आणि मामींनी विचारलं तर फुटलं म्हणायचं. मामी निजल्या तशी ती कुदळ घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. दुपार टळटळीत होती. चपलेतूनही जमीन पोळत होती. हिरवळीचा रंग त्या उन्हात हिरवा दिसतच नव्हता, नुसता पांढरा.

तिनं कवेलू उचललं. आत काळोख होता. आवाज नव्हता.

आपण वेड्यासारखं करतो आहोत, असं तिला वाटलं. मातीचं मडकं आहे. तळाला बारीक छिद्र असेल, चिखलानं बुजत असेल आणि सुटत असेल. अंगणातल्या फरशीवर ते बुजलेलं असणार. इतकं सोपं असेल आणि आपण मडकं फोडून बसू. आधी तळ चाचपून बघावा. तिनं गुडघे टेकले आणि हात आत घातला. मनगट गेलं. कोपरापर्यंत गेलं. पुरलेलं मडकं आतून गार असतं, कितीही उन्हं असली तरी. हे गार नव्हतं. ऊबदार होतं, पण उन्हासारखं नाही. दमट ऊब होती.

तिच्या बोटाला काहीतरी लागलं, आणि त्यानं बोट तोंडात घेतलं.

गावी गाय मेली की वासराला असंच शिकवायचे. दुधाच्या भांड्यात बोट बुडवून धरायचं, वासरू बोट चोखता चोखता दूध प्यायला लागतं. गोपिकानं लहानपणी ते केलं होतं. वासराच्या खालच्या जबड्यात दात असतात, ते बोटाला लागतात. हे दात नव्हते. नुसत्या हिरड्या होत्या, मऊ, आणि आतली जीभ खरखरीत, सुकलेली. त्यात जोर नव्हता. चावणं नव्हतं, ओढणं नव्हतं. एकदा चोखलं, थांबलं. पुन्हा एकदा. काही मिळत नाही असं कळलं, तसं बोट हळूच सोडून दिलं.

ते सोडणंच तिला सहन झालं नाही. धरून ठेवलं असतं तर ती ओरडली असती. पण ते सवयीचं होतं. विचारून बघायचं, आणि नाही म्हटलं की गप्प व्हायचं.

तिनं हात बाहेर काढला. मान वर केली तर मागच्या खोलीच्या खिडकीत मामी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. दूध उतू जातंय का ते बघावं तशा त्या बघत होत्या.

७

गोपिका आत गेली तेव्हा मामी स्वयंपाकघरात वाळवणाच्या शेवया डब्यात भरत होत्या. रंभाच्या रुखवतासाठी होत्या त्या. गोपिका उंबऱ्यात थांबली. या वेळी शब्द लवकर आले.

"मामी, मडक्यात कोणी हाय."

मामींचा हात थांबला नाही. तुटलेल्या शेवया त्या वेगळ्या काढत होत्या.

"किती देत होती तू तिले?" त्यांनी विचारलं.

तिले, त्या म्हणाल्या. गोपिकानं ते ऐकलं आणि मागे दाराची चौकट धरली. मडकंभर, ती म्हणाली. आधी मडकंभर, मग काहीच नाही.

"तितंच चुकलं तुह्यं. भरून दिलं का मागणं वाढते. एकदम बंद केलं का हातपाय पसरते." मामींनी डब्याचं झाकण लावलं आणि तळव्यानं दाबून बसवलं. "सकाळी एक वाटी. दिवस बुडता एक वाटी. वरून झाकण, झाकणावर धोंडा. अन् मंग कितीबी आवाज आला तरी उठायचं नाई. दोन-चार दिवस लागतात. मंग गुमान राह्यते."

"शकुबाईले देऊन टाकू ना ते मडकं, मामी. रीत हाय."

"अन् मंग?" मामी पहिल्यांदा तिच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "शकुबाईच्या दारात जाऊन पाणी मागन. तिच्याकडून दुसरीच्या. सगळ्या गावात हातच पसरन. आमच्या घरचं माणूस लोकाच्या दारात पाणी मागत फिरन, अन् आमची पोरगी कोण करन? घरचं हाय ते घरात राह्यलेलं बरं."

गोपिकाच्या मनात बोलायचं बरंच होतं. एवढंच भ्यायचं होतं तर तेव्हाच एक तांब्या पाणी का दिलं नाही, हे होतं. मामांना हे माहीत आहे का, हे होतं. आणि त्या सगळ्याच्या पुढे, नको असतानाही, जूनमध्ये उघडणारी शाळा होती, आणि हिंगणघाटकडचं ते घर, जिथे तिच्यासाठी आणखी एक चूल आणि आणखी एक अंथरुणातली म्हातारी असणार होती.

मामींनी माठावरचा पाटा उचलला. पेला बुडवला आणि तिच्यापुढे धरला. काठोकाठ भरलेला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

"पी."

ती प्यायली. एका दमात, खाली न ठेवता. पाण्याला वाळ्याचा वास होता. पेला रिकामा झाल्यावर मामींनी फळीवर हात वर करून, न बघता, एक जर्मनची, ॲल्युमिनियमची, वाटी काढली. खोल नव्हती. कड एका जागी चेपली होती, ओठाला लागून लागून गुळगुळीत झालेली.

"ही घे," त्या म्हणाल्या. "माप हेच."

८

तिनं तसंच केलं. पहाटे हिरवळीला पाणी द्यायच्या आधी एक वाटी. आवाज येई, एकच घोट, आणि मग वाट बघणारी शांतता. ती कवेलू ठेवी, कवेलूवर धोंडा ठेवी, आणि पाइप उचली. दुपारी टच टच होई तेव्हा ती कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करी. दुसऱ्या दिवशी तो आवाज जास्त झाला. तिसऱ्या दिवशी रात्रीही थांबला नाही, आणि तिनं कानात कापूस घातला. चौथ्या दिवशी कापसाची गरज उरली नाही.

मोगऱ्याची मडकी पुन्हा चार-चार बोटंच उतरू लागली. टाकं टिकू लागलं. पिवळ्या पट्ट्यावर तिनं सुकलेल्या पाल्याचा थर दिला, ऊन अडवलं, एक दिवसाआड खोल पाणी दिलं. गवत तिनं बाकीच्या ठिकाणीही उंच ठेवलं, म्हणजे त्याचीच सावली त्याच्या बुडाशी पडावी. पट्टा आधी तपकिरी झाला, मग त्यातून सुईसारखे कोंब आले. साइटवरून सुट्टी काढून घरी थांबलेल्या मामांनी पेचकस खुपसून बघितला. तो मुठीपर्यंत गेला. त्यांनी गोपिकाच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्याकडे बघायचं टाळून अनंताकडे बघितलं. अनंत मेला होता. उन्हाळ्यात एखादं रोप जायचंच, ते म्हणाले.

पाहुणे दिवस कलल्यावर आले. मुलगा, त्याचे आईवडील, आणि एक काका. सगळे धडधाकट, बोलके. सेलूपासूनचा रस्ता किती तापला होता ते सांगत त्यांनी हिरवळीवर पाय ठेवला आणि मुलाच्या आईनं लगेच चपला काढून ठेवल्या. अशा उन्हात असं गवत तिनं नागपूरलाही बघितलं नव्हतं म्हणे. मामा हसले. मामींनी रंभाचा पदर नीट केला. खुर्च्या एका ओळीत मांडल्या होत्या, आणि वाळ्याचं गार पाणी घेऊन फिरायचं काम गोपिकाकडे होतं.

ती तांब्या घेऊन ओळीतून गेली. काकांचा पेला भरला. मुलाचा भरला, तो वर न बघता पुटपुटला. वडिलांनी पुरे म्हटलं तरी काठापर्यंत भरला. मुलाची आई म्हणाली की आपली तहान या गवताकडे बघूनच गेली.

तिच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला, आणखी एक हात पुढे झाला.

बारीक हात होता. कातडी हाडावरून सैल झालेली, मनगट बांगडीवाचून. हातात पेला नव्हता. तळवा ओंजळीसारखा वळवून धरला होता. वर पांढऱ्या लुगड्याचा काठ होता, आणि त्याच्या वर गोपिकानं बघितलं नाही. तिकडे कोणीच बघत नव्हतं. काका पावसाचं बोलत होते. रंभा गवताची काडी बोटाभोवती गुंडाळत होती.

गोपिकाच्या हातातला तांब्या अजून अर्धा भरलेला होता. तिनं मान वळवून मामींकडे बघितलं.

मामींनीही बघितलं होतं. पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू त्यांच्या तोंडावर तसंच होतं. फक्त हनुवटी हलली. एकदा इकडे, एकदा तिकडे. सकाळची वाटी झाली होती. दिवस अजून बुडाला नव्हता.

"गुणाची पोरगी हाय," मुलाची आई मामींना म्हणाली आणि गोपिकाकडे वळली. "कितवीत हायस वं?"

"दहावीत," गोपिका म्हणाली. तिनं तांब्या छातीशी घेतला, ओळीच्या टोकाकडे पाठ केली, आणि त्यांचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.